जुन्या गांवांतलें नवें बिऱ्हाड

“बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?” हा प्रश्न अंबाजोगाईस राहावयास आल्यापासून मला किती वेळां विचारण्यांत आला असेल, याची गणती मीं केव्हांच सोडून दिली आहे. भाजीवालीनें विचारला, रिक्षावाल्यानें विचारला, योगेश्वरीच्या देवळांत ओटी भरतांना शेजारीं उभ्या असलेल्या बाईनें विचारला. प्रश्नांत वांकडें असें कांहीं नव्हतें. जुन्या गांवांत नवें माणूस आलें म्हणजे त्याला आपल्या हिशेबांत कोठें मांडावयाचें, हें गांव पाहत असतें. पहिलीं दोन वर्षें मी “पुण्याची” असें चटकन् उत्तर देत असें. पुढें मात्र हें उत्तर तोंडांत अडखळूं लागलें. तें कां अडखळलें, एवढेंच आज आपणांस सांगावें असें मनांत आहे.

२०१५ सालच्या जून महिन्यांत आम्हीं पुणें सोडलें. माझी धाकटी मुलगी डॉक्टर. तिला अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत जागा मिळाली. स्वामी रामानंद तीर्थांचें नांव धारण करणारें हें महाविद्यालय १९७४ सालीं निघालें. खेड्यापाड्यांतील रोग्याला मोठ्या शहराची वाट धरावी न लागतां तालुक्याच्या गांवींच चांगले उपचार मिळावेत, ही त्याची मोठी सोय. मुलगी एकटी जाणार म्हणून यजमान म्हणाले, “माझी नोकरी संपली, आतां आपणहि जाऊं.” ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईंनीं तर सर्वांच्या आधीं आपली पेटी भरून ठेविली, कारण अंबाजोगाई म्हणजे त्यांच्या कुलदेवतेचें गांव. धाकधूक होती ती माझ्याच मनांत. म्हणून पुण्याची सदनिका आम्हीं विकली नाहीं. तिला कुलूप घातलें आणि किल्ली मीं माझ्या कपाटांतल्या डब्यांत ठेविली. वर्षभर पाहावें, नाहीं जमलें तर परत फिरावें, असा माझा गुप्त बेत होता.

कोंकणांतील पुष्कळ घराण्यांची, विशेषतः चित्पावनांची, कुलदेवता एवढ्या दूर बालाघाटाच्या पठारावर कां असावी, याचें मला लग्न होऊन आल्यापासून नवल वाटे. येथील लोक त्याची एक कथा सांगतात. कोंकणांतील ही देवी परळीच्या वैजनाथाशीं विवाह करावयास वऱ्हाड घेऊन निघाली. परळी येथून अवघी पंचवीसेक किलोमीटर. पण येथवर येतां येतां मुहूर्त टळला, वऱ्हाडाच्या शिळा झाल्या आणि देवी कुमारिकाच राहिली. ती ना परळीस गेली, ना कोंकणांत परतली. जयंती नदीच्या कांठीं खडकांत खोदलेलीं जीं लेणीं आहेत त्यांना लोक हत्तीखाना म्हणतात, आणि तेथले दगडी हत्ती म्हणजे देवीचें थिजलेलें वऱ्हाडच, असें समजतात. लेण्यांचा इतिहास अर्थात् निराळा आहे. परंतु ही कथा सांगून झाल्यावर सासूबाई जें बोलल्या तें माझ्या मनांत राहून गेलें. त्या म्हणाल्या, “अगं, ती सुद्धां इथें बिऱ्हाडकरूच. वाटेंत थांबली आणि मग इथलीच झाली.”

देवदर्शनाच्या निमित्तानें आम्ही यापूर्वीं दोनदां येऊन गेलों होतों. त्यामुळें गांव आपल्या ओळखीचें आहे, असा माझा समज होता. तो आठ दिवसांत फिटला. यात्रेकरूचें गांव निराळें आणि रहिवाशाचें निराळें. यात्रेकरूला देऊळ, उतरण्याची जागा आणि मोटारींचा अड्डा एवढें ठाऊक असलें म्हणजे पुरे. रहिवाशाला नळ केव्हां येतो, दळण कोठें बारीक मिळतें, ज्वारी कोणत्या दुकानची घ्यावी, हें सारें शिकावें लागतें. मोंढा हा शब्द मीं येथेंच प्रथम ऐकला. धान्याच्या घाऊक बाजाराला मराठवाड्यांत मोंढा म्हणतात. दिवाळीच्या आगेंमागें सोयाबीन, पुढें तूर, मग हरभरा, अशी मालाची रांग लागते. हमाल पोतीं उतरतात, लिलाव पुकारला जातो, आडत्या हिशेबाची पट्टी शेतकऱ्याच्या हातीं ठेवतो, आणि त्या पट्टीवरच गांवांतील कापडवाला, सोनार आणि किराणेवाला अवलंबून असतात. पाऊस हुकला कीं मोंढा बसतो. मोंढा बसला कीं खाजगी दवाखान्यांतली गर्दी ओसरते आणि माझ्या मुलीच्या सरकारी रुग्णालयांतली वाढते. गांवाची नाडी कोठें पाहावी, तें मला अशा रीतीनें हळूहळू कळूं लागलें.

दुपारीं वेळ मिळे तेव्हां मी गांव पाहण्यास निघें. मराठींतील आद्य ग्रंथांत ज्याची गणना होते त्या ‘विवेकसिंधू’चे कर्ते मुकुंदराज यांची समाधि गांवाबाहेरच्या दरींत आहे. शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, हा त्या ग्रंथाचा काल परंपरेनें मानला जातो. स्थलकालाविषयीं पंडितांत वाद आहेत, पण समाधीपाशीं उभें राहिल्यावर तो वाद मनांत येत नाहीं. यादव राजा सिंघण याचा सेनापति खोलेश्वर याचे शिलालेख येथें सांपडले आहेत. त्यांतील शके ११६२ च्या लेखाची हकीकत मला फार हृद्य वाटली. खोलेश्वराचा पुत्र राम लढाईंत पडला. त्याच्या स्मरणार्थ त्याच्या बहिणीनें, लक्ष्मीनें, येथें देऊळ उभारलें. आठशें वर्षांपूर्वींच्या एका बहिणीचा शोक दगडावर अजून वाचतां येतो.

दासोपंत तर बाहेरूनच आलेले. त्यांचा जन्म नारायणपेठचा, शके १४७३ मधला; पण त्यांनीं आयुष्याचीं वर्षें घालविलीं तीं अंबाजोगाईंत, आणि शके १५३७ मध्यें देह ठेविला तोहि येथेंच. त्यांना लिहिण्यासाठीं रोज एक ढब्बू पैशाची शाई लागे, असें गांवांत सांगतात. त्यांच्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या सव्वा लाख असल्याचें परंपरा म्हणते. कागद अपुरा वाटला म्हणून कीं काय, त्यांनीं एका लांबलचक पासोडीवर, म्हणजे जाड्या कापडावर, पंचीकरणाचा विषय ओव्यांत लिहून काढला. ही पासोडी चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद आहे.

पुढें निजामी अमदानींत गांवाचें नांव मोमिनाबाद झालें. हैद्राबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी येथें होती. छावणी उठली, आणि निजामी राज्य गेल्यावर गांवानें आपलें जुनें नांव परत घेतलें. त्याच राज्यांत, उर्दूचा अंमल असतांना, येथें मराठी शाळा चालविण्याची खटपट झाली. १९३५ च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून आले. तेहि बाहेरचेच, त्यांचा जन्म विजापुराकडील सिंदगीचा. तीन-एक वर्षें त्यांनीं मुलें शिकविलीं आणि १९३८ सालीं हैद्राबादच्या सत्याग्रहांत उडी घेतली. वर्षें थोडीं, पण आज गांवांतील सर्वांत मोठें रुग्णालय त्यांच्या नांवानें ओळखलें जातें.

हें सारें पाहतांना माझ्या ध्यानांत एक गोष्ट आली. या गांवानें ज्यांना आपलें म्हटलें त्यांतले कितीतरी जण येथें जन्मलेले नव्हते. फौजा आल्या, राहिल्या आणि गेल्या. त्यांची आठवण कोणी काढीत नाहीं. ज्यांनीं येथलें एखादें काम आपल्या अंगावर घेतलें त्यांनाच गांवानें धरून ठेविलें. परंतु श्रोतेहो, ही गोष्ट इतिहासांत वाचणें सोपें असतें. ती आपल्याला लागू आहे, हें मनावर घेणें अवघड जातें.

माझी एक भाची इंग्लंडांत असते. तिनें आणि तिच्या नवऱ्यानें लंडन सोडून वेल्सच्या सीमेजवळच्या श्रॉपशर परगण्यांत, लडलो नांवाच्या जुन्या बाजारगांवांत घर घेतलें. तेथें नॉर्मन काळचा किल्ला आहे, किल्ल्यासमोरच्या चौकांत बाजार भरतो, लांकडी सांगाड्याचीं तीन-तीन शतकांचीं घरें आहेत. तिनें मला लिहिलें होतें: “मावशी, घर सुंदर आहे, शेजारी सभ्य आहेत, पण आमची ओळख करून देतांना लोक अजून ‘लंडनहून आलेले’ असेंच म्हणतात. गांवाचे होण्यासाठीं आम्हीं काय करावें?” पत्र वाचून मला हंसूं आलें, कारण मी तिला काय सांगणार? मी स्वतःच ‘पुण्याच्या बाई’ होतें, आणि खरें सांगावयाचें तर दुसरें कांहीं होण्याची माझी इच्छाहि नव्हती.

आम्ही आलों त्या वर्षींचा पावसाळा कोरडा गेला. हा प्रदेश पर्जन्यछायेंतला. गांवाला पाणी मिळतें तें मुख्यतः मांजरा नदीवरील धनेगांवच्या धरणांतून; लातूरहि त्याच धरणावर विसंबून. धरण आटलें. परळीचें औष्णिक वीजकेंद्र पाण्यावांचून बंद पडलें. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें आपणांस आठवत असेल. आमच्या गांवांत तर लोहमार्गहि नाहीं. टँकर आला कीं गल्लींत धांवपळ उडे. पुण्यांत तोटी फिरविली कीं पाणी येई. येथें मी भांडीं घासलेलें पाणी झाडाला आणि आंघोळीचें पाणी मोरींतून बादलींत धरूं लागलें. सासूबाईंचें आजारपण त्याच वैशाखांतलें. अंथरुणाचे कपडे रोज धुवावे लागत, आणि एका सकाळीं घरांत प्यावयाच्या तांब्यापलीकडे पाणी उरलें नाहीं.

आमच्या मागच्या बाजूस एका पडक्या वाड्याच्या पडवींत एक कुटुंब राहत असे. नवरा, बायको, तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी आणि एक कडेवरचें मूल. ती बाई पहांटे तीनला उठून दूरच्या विहिरीवर नंबर लावी. त्या सकाळीं ती दोन घागरी घेऊन आमच्या दारांत उभी राहिली. मी संकोचलें. ती म्हणाली, “घ्या ना मावशी, कामून लाजता? घरात दुखणाईत माणूस हाय.” मीं पैसे पुढें केले तेव्हां तिनें हात मागें घेतला. “पाण्याचे पैसे घिऊन कुठं फेडू मी?” असें म्हणून ती गेली. सासूबाई बऱ्या होईपर्यंत, जवळजवळ तीन आठवडे, त्या दोन घागरी रोज आमच्या उंबऱ्यावर येत राहिल्या.

आतां याचा परिणाम माझ्यावर चांगला व्हावयास हवा होता. परंतु खरें तेंच सांगतें. तो उलटा झाला. ज्या गांवांत आपल्याहून गरिबाकडून पाणी घेण्याची पाळी येते तेथें राहूं नये, असें मला वाटलें. उपकाराचें ओझें मोठें असतें, आणि तें फेडण्यापेक्षां त्याच्यापासून दूर जाणें सोपें वाटतें. मीं यजमानांना स्पष्ट सांगितलें कीं, दिवाळी येथें करूं आणि मग पुण्यास जाऊं. मुलगी सुटींत येत जाईल. यजमान कांहींच बोलले नाहींत.

त्या वर्षीं पाऊस मात्र भरपूर झाला. धरण भरलें. मोंढ्यांत पुन्हा गजबज झाली. दिवाळी सरली आणि मीं सामानाची आवराआवर सुरू केली. अशा वेळीं एका संध्याकाळीं ती शेजारीण आपल्या मुलीला घेऊन आली.

बीड जिल्ह्याबाहेरच्या श्रोत्यांसाठीं थोडें सांगितलें पाहिजे. या जिल्ह्यांतून लाखों माणसें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात आणि चैत्राच्या आगेंमागें परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून त्यांनीं आधींच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाहीं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत भांडीं, गोधड्या, शेळी, कोंबड्या आणि लेंकरें चढतात, आणि सारें बिऱ्हाड फडाच्या कडेला पालांत जाऊन पडतें. आम्हीं आयुष्यांत एकदां गांव बदलला तर त्याचें केवढें कौतुक आणि केवढी तक्रार! हीं माणसें दरवर्षीं दोनदां बिऱ्हाड हलवितात, आणि त्यांना “कसें वाटतें?” असें कोणी विचारीत नाहीं.

मुलगी नववींत होती. आईनें फारसें बोलणें केलें नाहीं. ती म्हणाली, “मावशी, हिला नेली तर साळा सुटती. साळा सुटली की सोयरीक बघतेत. एकटी ठिवावी तर जीव लागत न्हाई. दोन साल तुमच्यापाशी ठिवता का?” मुलांसाठीं सरकारी हंगामी वसतिगृहें निघालीं आहेत, हें मला ठाऊक होतें. मीं तें सुचविलें. ती मान खालीं घालून म्हणाली, “हाव, पन वयात आल्याली पोर हाय. मला माणूस बघून ठिवायची.”

माझ्या जिभेवर नकार तयार होता. तो खोटाहि नव्हता. आम्ही स्वतःच निघालों होतों. मागें खोलींत बांधलेलें सामान दिसत होतें. मी तोंड उघडणार तोंच आंतून सासूबाईंचा आवाज आला: “ठेव गं बाई. आम्ही कुठें जात नाहीं.”

घरांत एकदम शांतता झाली. मी सासूबाईंकडे पाहिलें. त्या उठून बसल्या होत्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “तीन आठवडे तिच्या पाण्यावर जगलें मी. आतां काय तोंडानें नाहीं म्हणूं?”

दुसऱ्या दिवशीं ट्रॉली हलली. जातांना तिनें पडवीच्या खोलीची किल्ली माझ्या हातांत दिली. ती ठेवण्यासाठीं मीं कपाटांतला डबा उघडला. डब्यांत पुण्याची किल्ली होतीच.

ती मुलगी आमच्याकडे दोन हंगाम राहिली. सारें गोड गोड झालें असें नाहीं. पहिला महिनाभर ती रात्रीं पांघरुणांत तोंड खुपसून रडे. बीजगणितानें तिला आणि मला सारखेंच रडविलें. माझ्या हातची भाकरी तिला पातळ वाटे. तिच्या हातची मला जड. पण तिच्या शाळेच्या निमित्तानें मी प्रथमच गांवांत कामाला म्हणून बाहेर पडूं लागलें. पालकांच्या सभेला गेलें, जातीच्या दाखल्यासाठीं तहसील कचेरींत खेपा घातल्या, सायकल दुरुस्त करून आणली. कोणत्या शिक्षकाला काय विचारावें, कोणत्या दुकानीं वह्या स्वस्त, तहसिलींत कोणत्या खिडकीशीं उभें राहावें, हें मला तिच्यामुळें कळलें. पूर्वीं मी गांव पाहत होतें. आतां गांवांत माझें काम होतें. मुकुंदराजांच्या दरीहून तहसील कचेरीच्या त्या रांगेनें मला हें गांव अधिक दाखविलें, असें म्हटलें तर चालेल.

२०१८ च्या मार्चांत ती दहावीच्या परीक्षेला बसली. गुण फार मोठे नव्हते, पण ती पास झाली, आणि पुढें शिकली. तिचे आईबाप अजून कोयत्यावर जातात. एका मुलीच्या परीक्षेनें घरावरची उचल फिटत नाहीं. सासूबाई आज नाहींत. देवीच्या गांवीं डोळे मिटावे, ही त्यांची इच्छा पुरी झाली. पुण्याची सदनिका आम्हीं त्याच वर्षीं विकली. आपल्या डब्यांत आतां एकच किल्ली उरते, ती म्हणजे दरवर्षीं कार्तिकांत येणारी आणि चैत्रांत परत जाणारी पडवीची किल्ली.

त्या सुमाराची एक लहानशी गोष्ट सांगून संपवितें. कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याकडे आमचें महिन्याचें खातें आहे. पहिल्या वर्षीं त्यानें वहींत आमच्या पानावर “पुणेवाल्या बाई” असें लिहिलें होतें. मीं तें स्वतः वाचलें होतें. दहावीच्या निकालानंतर पेढ्यांसाठीं साखर-खवा आणावयास गेलें तेव्हां वही उघडी होती. जुना मथळा खोडून त्याच्यावर त्या मुलीचें नांव आणि त्यापुढें “–ची मावशी” असें लिहिलें होतें. मी विचारलें, “हें केव्हां केलेंत?” तो वजनांत साखर घालतां घालतां म्हणाला, “लई दिवस झाले की. तुम्हीच आता बघितलं.”

भाचीच्या पत्राला मीं त्या रात्रीं उत्तर लिहिलें. किल्ल्याचा आणि जुन्या घरांचा इतिहास जरूर वाच, म्हणून लिहिलें. पण गांव तुझें केव्हां होईल म्हणून वाट पाहत बसूं नकोस. तुझ्या गल्लींत कोणाला काय हवें आहे तें पाहा, आणि कोणी कांहीं मागावयास आलें तर सामान बांधलेलें असलें तरी दार लावूं नकोस, असेंहि लिहिलें.